कृपया प्रसिद्धीसाठी

वाङ्मयप्रकारांच्या पंगतीत प्रसिद्धीपत्रकाला अजून कोणी पाट मांडलेला नाही. पत्र, रोजनिशी, बखर, अगदी मृत्युलेखसुद्धा जेवून उठले. हे बिचारे अजून ओसरीवर. कारणे उघड आहेत. त्याला लेखक असतो, पण लेखकाचे नाव नसते. त्याचे आयुष्य एका अंकापुरते. त्यातला शब्दन् शब्द कुणाच्या तरी भल्यासाठी लिहिलेला आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे उपसंपादक त्याच्याकडे वळतो तोच कपाळाला आठी घालून. तरीही विद्यापीठांच्या प्रसिद्धी कार्यालयांची जुनी दप्तरे मला सावकाश वाचण्याजोगी वाटतात. आणि ती कशी वाचावीत हे पाहायचे, तर फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाइतके (बोलीत ‘पेन’) चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

आधी या प्रकाराची घडण पाहू. कथाकार शेवट राखून ठेवतो. प्रसिद्धीपत्रक शेवटापासूनच सुरू होते. काय झाले, कोणी केले, कुठे, कधी, हे सगळे पहिल्या परिच्छेदात येते, कारण जागा कमी पडली की पान लावणारा मजकूर खालून कापत येतो. म्हणून जे गेले तरी कोणाचे अडत नाही ते तळाशी ढकललेले असते. विशेषणे कार्यालय शक्यतो स्वतःच्या तोंडाने वापरत नाही. ती अधिष्ठात्याच्या किंवा कुलगुरूंच्या तोंडी घालते. ‘कुलगुरू म्हणाले’ यापुढचे वाक्य कुलगुरूंनी स्वतः पहिल्यांदा वाचले ते बहुधा टंकलेखित होऊन समोर आल्यावर, हे आपल्याकडच्याही कोणत्या वार्ताहराला समजावून सांगावे लागत नाही. आणि मथळ्याच्याही वर, कोपऱ्यात, तारीख असते: अमुक दिवसाच्या अंकाआधी हा मजकूर छापू नये. लेखक जिथे पूर्णपणे खरे बोलतो अशी ही त्या कागदावरची बहुधा एकमेव जागा.

इतिहासकार राजवाड्यांनी बखरींना झोडपले ते याच मुद्द्यावर. बखर उशिरा लिहिली जाते, धन्याच्या कौतुकाने लिहिली जाते, तिच्यातल्या तारखांचा भरवसा नाही. इतिहास लिहायचा तर त्या त्या दिवशी लिहिलेला अस्सल कागद हवा. प्रसिद्धीपत्रक या वर्गवारीला चकवते. मजकूर पाहिला तर बखरीचा, स्तुतीने ओथंबलेला. तारीख आणि हस्तांतर पाहिले तर अस्सल पत्राचे: त्याच दिवशी लिहिलेले, कोणाकडे गेले त्याची नोंद असलेले, नंतरचे शहाणपण ज्याला शिवलेले नाही असे. त्यामुळे त्याचा रस घ्यायचा असेल तर मधल्या मजकुरापेक्षा कडांवर नजर ठेवावी लागते.

पेनची तर सुरुवातच एका प्रसिद्धीपत्रकाने झाली. १७४९ साली बेंजामिन फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियातल्या तरुणांच्या शिक्षणाविषयीच्या प्रस्तावांची एक पुस्तिका लिहिली, स्वतःच्या छापखान्यात छापली आणि गावातल्या रहिवाशांना फुकट वाटली. मने थोडी तयार झाली असे वाटल्यावर वर्गणीची यादी फिरवली. रक्कम एकदम नको, पाच वर्षांत वार्षिक हप्त्यांनी द्या, म्हणजे आकडा मोठा होईल, हा हिशेबही त्याचाच. पण यातले सर्वांत मुरब्बी पाऊल वेगळे होते. ही योजना आपली आहे असे त्याने कुठेच म्हटले नाही. काही लोकहितदक्ष गृहस्थांची ती इच्छा आहे, असे मांडले. हे गुपित त्याने पुढे आत्मचरित्रात स्वतःच फोडले, आणि सार्वजनिक कामात स्वतःला पुढे न करण्याचा आपला नेहमीचाच नियम होता असेही सांगितले. मुद्रक, वृत्तपत्राचा मालक आणि अनामिक लेखक एकाच अंगरख्यात. पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकन विद्यापीठांनी पगारी माणसे बसवून जे सुरू केले त्याचे सगळे व्याकरण इथे आहे: लेखक लपवायचा, मागणी लोकांच्या तोंडी घालायची, आणि वाटप फुकट ठेवायचे.

दुसरे प्रकरण थोडे गमतीचे आहे. शतकाहून अधिक काळ पेन आपले स्थापनावर्ष १७४९ मानत आले. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या समारंभी पोशाखाचे आणि मिरवणुकीचे नियम ठरू लागले, आणि मिरवणुकीत कोणी पुढे चालायचे ते स्थापनावर्षावरून ठरेल असे झाले. प्रिन्स्टनची सनद १७४६ ची. म्हणजे प्रिन्स्टन पुढे, पेन मागे. मग माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाने मोहीम उघडली. १७४० मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाच्या प्रवचनांसाठी आणि गरीब मुलांच्या शाळेसाठी एक इमारत उभी राहू लागली होती. ती इमारत आणि तिच्यासोबतचा शाळेसाठीचा न्यास पुढे फ्रँकलिनच्या अकादमीकडे आला. तेव्हा आपला जन्म १७४० चा. १८९९ मध्ये विश्वस्तांनी तसा ठराव केला. शाळा त्या इमारतीत तेव्हा भरलीच नव्हती, हा तपशील मिरवणुकीच्या आड आला नाही. मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही आपली तिन्ही विद्यापीठे एकाच १८५७ ची, त्यामुळे आपल्याला हा वाद महिन्यांवर घालावा लागला असता, आणि जुलैमधल्या मुंबईला जानेवारीतल्या कोलकात्यापुढे माघार घ्यावी लागली असती. १९४० मध्ये पेनने द्विशताब्दी थाटात केली. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट २० सप्टेंबरला येऊन भाषण करून गेले. १८९९ चा ठराव नसता तर तो सोहळा नऊ वर्षे पुढे गेला असता.

अशा वातावरणात स्वतंत्र कार्यालय निघणे फार दूर नव्हते. मिशिगन विद्यापीठाने १८९७ मध्येच प्रसिद्धीची व्यवस्था केली होती. १९०० मध्ये बोस्टनला ‘पब्लिसिटी ब्युरो’ नावाची पेढी निघाली; जनसंपर्काचा धंदा करणारी अमेरिकेतली ती पहिली पेढी मानली जाते, आणि तिचे आरंभीचे गिऱ्हाईक हार्वर्ड. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी महिना २०० डॉलर कबूल केले. पुढे हार्वर्डने पैसे थांबवले तरी पेढीने काम सोडले नाही, कारण आपल्या यादीत हार्वर्डचे नाव असणे हीच पेढीची जाहिरात होती. कोण कोणाची प्रसिद्धी करत होते, हे ज्याने त्याने ठरवावे. १९०४ मध्ये पेन आणि विस्कॉन्सिन या दोन्ही विद्यापीठांनी आपापली प्रसिद्धी कार्यालये उघडली. विस्कॉन्सिनमधले काम विलार्ड ब्लेयर यांनी पाहिले. पत्रकारितेच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत पुढे त्यांचे नाव आले. १९१७ पर्यंत अशा कार्यालयांची देशव्यापी संघटनाही झाली.

गरज अगदी व्यावहारिक होती. तोवर विद्यापीठाच्या बातम्या शहरातल्या वर्तमानपत्रांना पोचवत ते विद्यार्थी, आणि त्यांना पैसे मिळत छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर. साहजिकच संशोधनापेक्षा वसतिगृहातली मारामारी लांब निघे. त्यात फुटबॉलचे वेड. १८९५ मध्ये पेनने फ्रँकलिन फील्ड हे मैदान उघडले आणि क्रीडावार्ताहरांची रीघ लागली. विद्यापीठ म्हणजे फक्त चेंडू नव्हे, हे लोकांना सांगणारे कोणी तरी हवे होते.

म्हणून पुढची गोष्ट मला अतिशय समाधान देते. विद्यापीठाचे अभिलेखागार बरीच वर्षे याच फ्रँकलिन फील्डच्या उत्तरेकडच्या कमानींखाली होते. वर प्रेक्षकांचा गलका, खाली खोक्यांमध्ये प्राध्यापकांच्या चरित्रफायली. आता ते मार्केट स्ट्रीटवर आहे. प्रसिद्धी कार्यालयाचे जे दप्तर तिथे जमा झाले त्यात दोन गोष्टी विपुल आहेत: माणसांच्या फायली आणि छायाचित्रे. अशी चरित्रफाइल प्रत्येक वृत्तपत्र कचेरीतही असते. माणूस नावारूपाला आला की ती उघडायची, त्याच्याविषयी छापून आलेले कात्रण त्यात टाकत राहायचे, आणि तो गेला की पंधरा मिनिटांत मृत्युलेख तयार. यात एक क्रौर्य आहे आणि एक न्यायही. फाइलची जाडी म्हणजे त्या माणसाची विद्वत्ता नव्हे, त्याची छापून येण्याची शक्यता. दोन ओळींची कात्रणे असलेली पातळ फाइल एखाद्या थोर व्याकरणकाराची निघते आणि फुगलेली फाइल फुटबॉलच्या प्रशिक्षकाची. विद्यापीठाला स्वतःविषयी काय वाटत होते त्यापेक्षा शहराला त्याच्यात काय हवे होते, ते या जाडीवरून कळते.

या दप्तराशी निगडित सर्वांत गाजलेले प्रसिद्धीपत्रक मात्र विद्यापीठाच्या कार्यालयातून निघालेले नाही. १९४३ मध्ये लष्कराने पेनच्या मूर स्कूल ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगशी करार केला. तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके झपाट्याने तयार करणारे यंत्र हवे होते. युद्ध संपले तेव्हा यंत्र पुरे होत आले होते. नाव एनिॲक. पैसा लष्कराचा, म्हणून फेब्रुवारी १९४६ मधली घोषणाही युद्धखात्याच्या नावाने झाली. जागा विद्यापीठाची, पाहुणचार विद्यापीठाचा, नावाचा मान दुसऱ्याचा: जनसंपर्क अधिकाऱ्याच्या आयुष्यात याहून कडू दिवस क्वचितच येत असेल.

ते पत्रक नीट वाचावे असे आहे. पहिल्याच वाक्यात सांगितले जाते की अभियांत्रिकीचे गणित आमूलाग्र बदलेल आणि कारखान्यांतल्या रचनेच्या पद्धती पालटतील अशी अपेक्षा असलेले एक यंत्र आज जाहीर होत आहे. अपेक्षा कोणाची, ते सांगितलेले नाही. क्रियापद कर्त्याविना सोडून दिले की वाचणारा स्वतःच कर्ता होतो आणि अपेक्षा करू लागतो. हे कौशल्य दुसऱ्या कोणत्या गद्यप्रकारात इतक्या सफाईने येत नाही. मग लगेच युद्ध आणि शांतता एकाच वाक्यात बसवलेली: सुरुवात तोफखान्याच्या गणितातली कोंडी फोडण्यासाठी, पण शांततेच्या काळातला उपयोग विज्ञान-अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखांना. युद्ध वाक्याच्या पूर्वार्धात, म्हणजे भूतकाळात, आणि शांतता मुख्य वाक्यात. जपान शरण आल्याला सहा महिने झाले होते. करदात्याला हेच ऐकायचे होते.

त्यानंतर आकडे येतात, आणि आकड्यांचीही एक शैली आहे. निर्वात नळ्या जवळपास १८,०००, वजन ३० टन, खोली ३० फूट बाय ५० फूट. नळ्यांची नेमकी संख्या हजाराने गोल केली, कारण नेमका आकडा वाचणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही आणि गोल आकडा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपर्यंत पोचतो. वेग दाखवायला पूर्वीच्या यंत्रांशी तुलना. मग माणसे, ती पत्रकावरून लिहिलेल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीत: मूर स्कूलमधले दोन तरुण शास्त्रज्ञ, जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट, यांनी यंत्राचा शोध लावला आणि ते पूर्णत्वाला नेले. दोघांची वये ३८ आणि २६. आणि त्यालाच जोडून एक छोटे, निरुपद्रवी वाक्य: स्कूलमधल्या इतर अनेकांचेही साहाय्य झाले.

या सगळ्या मजकुरातले मला सर्वांत वाचनीय वाटते ते हे वाक्य. ते उद्धट नाही. खोटे तर मुळीच नाही. कोणाला वगळल्याचा आरोप झाला तर दाखवायला ठेवलेले आहे. आणि जागा कमी पडली तर जाण्यासाठीही. ‘इतर अनेक’ या दोन शब्दांत जी माणसे राहत होती त्यांतल्या सहा जणींचा शोध लागायला पुढे चाळीस वर्षे गेली.

पण आधी प्रात्यक्षिक, कारण प्रसिद्धीचे दप्तर नुसते कागदांचे नसते. प्रसंगही रचलेले असतात. १ फेब्रुवारीला पत्रकारांना यंत्र दाखवले आणि बातमी दोन आठवडे राखून ठेवायला सांगितले. अडचण अशी की यंत्रात पाहण्यासारखे काही नव्हते. इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. ९७,३६७ हा आकडा स्वतःशीच ५,००० वेळा गुणायचा म्हणून कळ दाबली, आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पाहायचे राहून गेले. पापणी लवायच्या आत काम उरकले होते. वेग हीच थोरवी आणि वेगामुळेच दाखवायला काही नाही, असा पेच. त्यावरचा तोडगा टेबलटेनिसच्या चेंडूंचा निघाला. चेंडू अर्धे कापले, त्यांवर आकडे रंगवले आणि यंत्राच्या पुढच्या बाजूवरच्या बारक्या निऑन दिव्यांवर टोप्यांसारखे बसवले. खोलीतले दिवे मंद केले. आता गणित चालले की भिंतभर आकडे लुकलुकत धावू लागले. पुढची कित्येक वर्षे सिनेमातला संगणक म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्यांचे कपाट, ही समजूत टिकली. तिचे मूळ गणितात नाही, त्या चेंडूंत आहे. यंत्राला चेहरा दिला तो प्रसिद्धीच्या गरजेने.

काय दाखवले यापेक्षा काय दाखवले नाही हेही पाहावे. डिसेंबर १९४५ पासून यंत्रावर लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेचे एक गणित चालले होते. हायड्रोजन बॉम्ब होऊ शकतो का, या प्रश्नाशी ते जोडलेले होते. ते गुपित होते. पाहुण्यांसमोर ठेवला तो तोफगोळा. गोळ्याला लक्ष्यापर्यंत जायला लागतात ३० सेकंद, यंत्राने त्याचा सगळा मार्ग मोजला २० सेकंदांत. गोळा जमिनीवर पडण्याआधीच त्याचे भविष्य कागदावर. इतके सुटसुटीत वाक्य हाती लागल्यावर कोणता वार्ताहर आणखी काही विचारणार? १५ फेब्रुवारीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी पहिल्या पानावर घेतली.

तो तोफगोळ्याचा कार्यक्रम बेटी स्नायडर आणि बेटी जीन जेनिंग्ज या दोघींनी यंत्रावर बसवला होता. त्यांच्यासोबत के मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. कोष्टके हाताने करणाऱ्या गणिती मुलींमधून लष्कराने या सहा जणी निवडल्या होत्या. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या नोकरीचे नाव होते, आणि ही नोकरी करणाऱ्या बहुतेक बायका. सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीतही जाता येत नव्हते. परवानगी यायची होती. हातात आराखडे दिले आणि यावरून समजून घ्या म्हणून सांगितले. त्यांनी ते समजून घेतले. १५ फेब्रुवारीच्या औपचारिक समारंभाच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यांचा कार्यक्रम एका ठिकाणी हटून बसला होता: गोळा जमिनीला लागला तरी यंत्र थांबेना, ते त्याला जमिनीखाली नेत राहिले. स्नायडरला झोपेतून उठल्यावर उत्तर सुचले. एक खटका चुकीच्या जागी होता. तो फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे सुरळीत झाले. संध्याकाळी ह्यूस्टन हॉलमध्ये मेजवानी झाली. या दोघींना आमंत्रण नव्हते. फेब्रुवारीच्या थंडीत त्या घरी गेल्या, असे जेनिंग्ज (लग्नानंतरची जीन बार्टिक) हिने पुढे आपल्या आठवणींत लिहिले. ते पुस्तक २०१३ मध्ये आले, तिच्या मृत्यूनंतर.

आता छायाचित्र. प्रसिद्धीसाठी काढलेल्या एका चित्रात अगदी पुढे गणवेशातला एक सैनिक चाकांवरच्या एका तक्त्याशी उभा आहे आणि खटके लावतो आहे. असे तीन तक्ते होते आणि प्रत्येकावर १,२०० खटके. मागे तिन्ही भिंतींना लागून काळी पॅनेल, आणि त्यांच्याशी काम करणारी माणसे. त्यांत बायका आहेत. खोलीत एकाच वेळी किती हात चालत असत, ते या चित्रावरून कळते. रचना म्हणूनही चित्र चांगले आहे: पुढचा माणूस मोठा, मागची माणसे लहान होत जाणारी, म्हणजे यंत्राची खोली नजरेला मोजता येते. ऑक्टोबर १९४६ मध्ये लष्कराने भरतीच्या जाहिरातीसाठी हेच चित्र ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात वापरले. कडा कापल्या. सैनिक राहिला, बायका गेल्या. तरुण मुलांना सैन्यात बोलवायचे होते, म्हणून जाहिरात करणाऱ्याने आपले काम नेकीने केले. द्वेषाचा इथे काही संबंध नसावा. इतिहासकार जेनिफर लाइट यांनी १९९९ च्या एका लेखात ही कापाकापी दाखवून दिली. ती दाखवता आली, कारण न कापलेले चित्र कुठे तरी शाबूत होते.

फिलाडेल्फिया आणि छायाचित्रातल्या बायका म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दुसरेच चित्र येते. १० ऑक्टोबर १८८५. नऊवारीतली आनंदीबाई जोशी, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातली सबात इस्लामबुली, तिघी शेजारी शेजारी. त्यांचे विमेन्स मेडिकल कॉलेज पेनहून वेगळे. त्याचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. त्या काळी कॉलेजात प्रसिद्धी कार्यालय कुठून असणार? पण डीन रेचल बॉडली यांना त्याची जाण पुरेपूर होती. बायकांनी डॉक्टर होऊन काय साधले, असे विचारणाऱ्यांसाठी त्यांनी माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवून उत्तरे गोळा केली होती आणि १८८१ मध्ये ती छापली होती. तिघींचे ते चित्रही कॉलेजचा हात किती दूरवर पोचला हे दाखवण्यासाठीच होते, यात मला शंका नाही. त्याशिवाय तिघींना आपापल्या देशाच्या वेशात असे ओळीने उभे करण्याचे कारण काय? म्हणजे हेतू प्रसिद्धीचा, मांडणी प्रदर्शनाची. तरी चित्राखाली तिघींची नावे आहेत, गावे आहेत, देश आहेत. स्पेलिंग चुकले आहे, पण नाव टाकले आहे. एनिॲकच्या साठ वर्षे आधीचे हे चित्र त्या बाबतीत जास्त सभ्य निघाले. अर्थात तिथे बायकाच बातमी होत्या. एनिॲकच्या खोलीत बातमी यंत्र होते.

पुढे या सगळ्या कागदांना एक विचित्र वाचक भेटला: न्यायालय. पेटंटच्या हक्कांवरून विद्यापीठाशी बिनसले आणि समारंभाला दोन महिने होण्याआधीच एकर्ट आणि मॉकली यांनी नोकरी सोडली. पेटंटचा अर्ज त्यांनी केला २६ जून १९४७ रोजी, म्हणजे त्या गाजलेल्या प्रात्यक्षिकानंतर सोळा महिन्यांनी. अमेरिकेच्या कायद्यात जाहीर वापर आणि अर्ज यांत एका वर्षाहून जास्त अंतर चालत नसे. पेटंट १९६४ मध्ये मिळाले आणि मिनिॲपोलिसच्या न्यायालयात हनीवेल विरुद्ध स्पेरी रँड हा दोन कंपन्यांमधला खटला उभा राहिला. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी पेटंट रद्द ठरवले. कारणे अनेक होती. जॉन अटानासॉफ यांचे संगणकावरचे आधीचे काम हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. पण यंत्र मुदतीच्या आधीच जाहीर वापरात आले होते, हेही त्यांत होते. इतिहासात कोण थोर, यावर पत्रकातल्या विशेषणांचा न्यायालयात काही उपयोग नव्हता. तारखांचा होता.

खटल्यात तीस हजारांहून अधिक पुरावे दाखल झाले. त्यांच्या प्रतींचा एक मोठा संग्रह पेनच्या अभिलेखागारात आहे, आणि एनिॲकचा इतिहास लिहिणारे आज त्यावरच अवलंबून असतात. साधी पत्रे, हिशेबाचे कपटे, बैठकांच्या नोंदी, सगळ्यांवर पुराव्याचा क्रमांक. विद्यापीठाने आपल्या गौरवासाठी जेवढे जपले असते त्याच्या कितीतरी पट दोन कंपन्यांच्या वकिलांनी एकमेकांना पाडण्यासाठी जपले. भांडण हा उत्तम अभिलेखपाल असतो. आपल्याकडचे वतनाचे आणि इनामाचे कागद तरी दुसऱ्या कशामुळे टिकले?

राहिल्या त्या सहा जणी. १९८० च्या दशकाच्या मध्यास हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या कॅथी क्लायमन हिला संगणकाच्या इतिहासातल्या बायका शोधताना ही छायाचित्रे सापडली. पुरुषांची नावे मिळत होती, बायकांची नाहीत. तिने एका जाणकाराला विचारले, तेव्हा उत्तर आले: या मॉडेल असतील, फ्रिजच्या जाहिरातीत दार उघडून उभ्या राहतात तशा. उत्तर मूर्खपणाचे होते, पण अगदीच निराधार म्हणता येत नाही. प्रसिद्धीचे चित्र ज्या नजरेने काढलेले असते त्याच नजरेने त्या माणसाने ते वाचले होते. क्लायमनने मात्र हात पाहिले असावेत. मुख्य नियंत्रण पॅनेलपाशी जेनिंग्ज आणि बिलास उभ्या असलेले एक चित्र आहे. त्यात दोघींचे लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, कामात आहे. १९८६ मध्ये एनिॲकच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाला ती फिलाडेल्फियाला गेली, त्यांच्यापैकी काही जणी तिथे प्रत्यक्ष भेटल्या, आणि कोण कुठे उभे आहे ते त्यांनीच सांगितले. पन्नासाव्या वर्षी, १९९६ मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी पेनमध्ये येऊन यंत्राचा एक भाग पुन्हा चालू केला. १९९७ मध्ये सहाही जणींना ‘विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल’च्या सन्मानसूचीत जागा मिळाली. क्लायमनचे पुस्तक यायला २०२२ साल उजाडले.

आजच्या प्रसिद्धी कार्यालयात चित्र कापले जाते ते फोनवरच, आणि कापलेला तुकडा कोणत्याही खोक्यात जात नाही. पत्रक ईमेलने जाते, संकेतस्थळावर चढते; त्यात चूक निघाली की मजकूर बदलतो आणि पहिला मजकूर काय होता ते बहुधा कोणाला कळत नाही. विद्यापीठांचे अभिलेखपाल आता ठरावीक काळाने संकेतस्थळांच्या प्रती घेऊन ठेवतात. छायाचित्रकाराच्या कार्डातल्या, न कापलेल्या चित्रांसाठी मात्र त्यांना त्या त्या छायाचित्रकाराच्या मागे लागावे लागते, आणि तेही तो नोकरी सोडून जायच्या आत.